नववीचे चोवीस

मुलगी आमच्याच वाड्यातली, वरच्या मजल्यावरची. शाळेत मला बेन म्हणायची आणि जिन्यात मावशी. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत हे असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शाळा गुजराती माध्यमाची, अनुदानित, बडोद्याच्या जुन्या भागातली. मी तिथे नववी-दहावीला गणित शिकवते. नावं कुणाचीच देत नाही, शाळांचीही नाही. मार्क मात्र माझ्या वहीत आहेत तसे देते.

२०२१ साली गुजरात बोर्डाची दहावीची परीक्षा झाली नाही, शाळांनी भरलेल्या मार्कांवर निकाल लागला. या मुलीला गणितात ७४ पडले आणि तिच्या मावसभावाला ८८. दोघांचंही गणित मी स्वतः तपासलेलं आहे. ती त्याच्यापेक्षा सरस होती. तिचे मार्क कुणी कापले नाहीत, त्याला कुणी ओळखीवर दिले नाहीत, तरी निकाल असा लागला. यात चूक कुणाची हे शोधायला गेले, तर बोट फिरून फिरून माझ्याच लाल पेनावर येतं.

आधी ऑक्टोबर २०१९ मधला पेपर. नववीची प्रथम परीक्षा, ५० मार्कांची. एक प्रश्न होता: समद्विभुज त्रिकोणात शिरोकोनाचा दुभाजक पायाचे दोन सारखे भाग करतो, हे सिद्ध करा. मार्क तीन. मुलीने आकृती सुरेख काढली. दोन बाजू समान, दोन कोन समान, मधली बाजू सामाईक, अशा तीन ओळी लिहिल्या आणि खाली लिहिलं, ‘म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप’. कशावरून एकरूप, ते नाही. गुजरातीत ही कसोटी ‘बाखूबा’, म्हणजे बाजू, खूणो, बाजू. मराठी शाळेतल्या मुलांची ‘बाकोबा’ तीच ही. हा एक शब्द तिने लिहिला नव्हता. मी समासात लाल शाईने ‘कारण?’ असं लिहिलं आणि तीनपैकी दीड दिला. पेपरभर हेच. कुठे एकक नाही, कुठे पक्ष-साध्य नाही, कुठे मधली पायरी गाळलेली. बेरीज चोवीस झाली.

आमच्या वर्गात त्या परीक्षेत सगळ्यांत जास्त ३९ होते. मी कडक तपासते ही गोष्ट शाळेत जुनीच आहे. त्यामागे हिशोब असतो. ऑक्टोबरात चोवीस पडले की पोर दिवाळीनंतर दचकून अभ्यासाला लागतं. बोर्डाच्या पेपरात पायरी गाळली तर परका तपासनीस दया करणार नाही, म्हणून ती सवय आम्ही आधीच मोडतो. नववीचे मार्क म्हणजे आम्हा शिक्षकांसाठी काय, तर कान पिळणं. तिची आई तेव्हा काळजीने खाली आली होती. मीच तिला म्हटलं, “अगं, नववीचे मार्क कोण विचारतं? विचारतात ते दहावीचे.”

जानेवारीनंतरच्या दुसऱ्या परीक्षेत तिला ५० पैकी ३१ मिळाले. नववीची वार्षिक परीक्षा तर झालीच नाही, कारण मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वर्षभर धडपडलेलं मूल वार्षिक परीक्षेत वर येतं, आणि नेमकी तीच परीक्षा या मुलांच्या नोंदीत नाही.

दहावीचं वर्ष फोनवर गेलं. त्यांच्या घरात फोन एकच. वडील मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये आहेत, ते कामाला गेले की फोनही गेला. ती संध्याकाळी माझ्याकडे यायची. ११ जानेवारी २०२१ ला दहावी-बारावीचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा तिच्या वह्या अर्ध्या कोऱ्या होत्या, पण डोकं तयार होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मावसभाऊ आला होता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका सेल्फ-फायनान्स, म्हणजे विनाअनुदानित, शाळेत. दोघांना मी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसवलं, बोर्डाचा एक जुना पेपर दिला आणि स्वयंपाकघरात गेले. तीन तास. दोन्ही पेपर मी एकाच बैठकीत तपासले. तिला ८० पैकी ६५, त्याला ५७. तिच्या प्रत्येक सिद्धतेत, प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण होतं. ‘बाखूबा’ तर तिने खाली रेघ मारून लिहिलं होतं. मला चिडवायलाच, असं तिने नंतर कबूल केलं. मुलगाही हुशार आहे. पण तो गणित सोडवतो आणि उत्तराला चौकट करतो, मधलं सगळं हवेत.

परीक्षा १० मे पासून होती. एप्रिलमध्ये ती लांबली आणि १३ मे रोजी सरकारने जाहीर केलं की दहावीच्या नियमित विद्यार्थ्यांना मास प्रमोशन, म्हणजे परीक्षेविना सरसकट पास. तेव्हाची बडोद्याची अवस्था ज्यांनी पाहिली त्यांना परीक्षा रद्द का केली हे सांगायला नको. रात्री अॅम्ब्युलन्सच्या आवाजाने झोप लागत नव्हती. परीक्षा रद्द करणं बरोबरच होतं. माझं भांडण त्याच्या पुढच्या पायरीशी आहे.

गुजरातीत इयत्तेला ‘धोरण’ म्हणतात. म्हणजे आमच्याकडे ‘धोरण दहाचं धोरण’ असं वाक्य सरळ चेहऱ्याने बोलता येतं. ते धोरण असं होतं. प्रत्येक विषयाच्या १०० पैकी २० मार्क शाळेच्या अंतर्गत मूल्यांकनाचे. उरलेल्या ८० मध्ये नववीच्या प्रथम परीक्षेचे २०, नववीच्या दुसऱ्या परीक्षेचे २०, दहावीच्या प्रथम परीक्षेचे ३० आणि दहावीच्या एकम कसोटीचे, म्हणजे घटक चाचणीचे, १०. थोडक्यात, लेखी ८० पैकी निम्मे मार्क नववीतून. कुणी ३३ च्या खाली राहिलं तरी अडवायचं नाही.

आता मुलीचा हिशोब. नववीचे २४ झाले ९.६, आणि ३१ झाले १२.४. दहावीच्या प्रथम परीक्षेत तिला ८० पैकी ६८ होते, त्याचे झाले २५.५. एकम कसोटीत २५ पैकी २१, म्हणजे ८.४. बेरीज ५५.९, धरले ५६. अंतर्गत १८. एकूण ७४, श्रेणी बी-१.

मुलाचे नववीत ४६ आणि ४५. म्हणजे १८.४ अधिक १८. दहावीत ८० पैकी ६१, त्याचे २२.९. एकम कसोटीत २२, त्याचे ८.८. बेरीज ६८. अंतर्गत पुरे २०. एकूण ८८, श्रेणी ए-२.

दहावीच्या परीक्षेत ती सात मार्कांनी पुढे आणि निकालात चौदा मार्कांनी मागे. नुसती दहावी धरली असती तर तिचे ६८ आणि १८ मिळून ८६ झाले असते, त्याचे ६१ आणि २० मिळून ८१. या तुलनेत एक खोट आहे, तीही सांगते: दोन शाळांचे तपासणारे वेगळे. म्हणूनच टेबलावरच्या त्या रविवारला मी इतकी चिकटून बसले आहे. तिथे पेपर एक, पेन एक, वेळ एक.

मुलाच्या शाळेने लबाडी केली का? माझ्या मते नाही. तिथे नववीत परीक्षेआधी ‘आयएमपी’, म्हणजे हमखास येणाऱ्या महत्त्वाच्या प्रश्नांची यादी देतात, पेपर त्यातूनच निघतो, तपासणी मोकळ्या हाताची असते. मुलांचा हुरूप टिकावा, पालक नाराज होऊ नयेत आणि फी भरणाऱ्याला वाटावं की पैसे कारणी लागताहेत. हाही मार्कांचा एक उपयोग आहे. मला तो पसंत नाही, पण २०१९ मध्ये त्या मॅडमनाही माहीत नव्हतं की ते ४६ बोर्डाच्या गुणपत्रकात जाऊन बसणार आहेत. मलाही माझ्या चोवीसचं माहीत नव्हतं. दोघींनी दोन वेगळ्या कामांसाठी दिलेले मार्क. सूत्राने ते एकाच तराजूत टाकले आणि वर शिक्का मारला.

जूनमध्ये शाळेत मार्क भरायचं काम सुरू झालं. आचार्यसाहेबांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, खोलीत टेबलावर नववीची परिणामपत्रकं, कडेला सॅनिटायझरची बाटली, एकाआड एक खुर्चीवर आम्ही. एक जण आकडा वाचायचा, दुसरा भरायचा, तिसरा पडताळायचा. तिच्या नावाशी वाचणारे थांबले. “बेन, चोवीस?” मी म्हटलं, “चोवीस.” दोनाचा तीन करायला पेनाचा एक फटकारा पुरला असता. कुणीतरी तसं हसत हसत म्हणालंही. मी केलं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. तिच्या चोवीसचे चौतीस केले तर तिच्यासारख्याच इतर चाळीस मुलांचं काय करायचं, एवढाच माझा प्रश्न होता. आणि भीतीही होती, ते पत्रक आधीच सही होऊन गेलेलं होतं.

ज्या एका ठिकाणी हात मोकळा होता ते म्हणजे अंतर्गत वीस. तिथे तिला सुरुवातीला १५ होते, कारण ऑनलाइन दिलेलं काम वेळेवर आलं नव्हतं. वर्गात अशी अकरा मुलं निघाली, घरात एकच फोन किंवा फोनच नाही. मी आचार्यसाहेबांना सांगितलं की हे काम न केल्याचे मार्क नाहीत, फोन नसल्याचे आहेत. त्यांनी अकराही जणांचे वाढवायला मान्यता दिली. तिचे १५ चे १८ झाले. ही दुरुस्ती होती की फेरफार, यावर स्टाफरूममध्ये अजून एकमत नाही. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, मग ज्यांच्या घरी फोन होता पण शांतता नव्हती त्यांचं काय? मला त्यांना उत्तर देता आलं नाही. तरी पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

निकाल जूनअखेर आला, तोही आधी शाळांनाच, लॉगिन करून दिसणारा. संध्याकाळी तिची आई खाली आली. दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. “ताई,” ती म्हणाली, “नववीचे मार्क कोण विचारतं, असं तुम्हीच म्हणाला होतात.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

राज्याचे आकडे पाहिले की ही दोन पोरं एकटी नव्हती हे कळतं. ८,५७,२०४ नियमित विद्यार्थी, सगळे पास. त्यांत सर्वांत वरच्या ए-१ श्रेणीचे १७,१८६. आदल्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, बोर्डाची परीक्षा होऊन ए-१ होते १,६७१ आणि एकूण निकाल ६०.६४ टक्के. एका वर्षात हुशारी दहा पटींनी वाढत नाही. त्याच वेळी तळाच्या डी श्रेणीत १,७३,७३२ मुलं होती. म्हणजे सगळ्याच शाळांनी खिरापत वाटली असंही नाही. कुणी वाटली, कुणी नाही, आणि मूल कुठल्या बाजूला पडलं हे त्याच्या गणितावर नव्हे, शाळेच्या सवयीवर ठरलं.

सीबीएसईने यावर एक उपाय काढला होता. तिथेही दहावीची परीक्षा रद्द झाली आणि लेखी ८० मार्क चाचण्या, सहामाही आणि प्री-बोर्ड यांतून आले: १०, ३० आणि ४०. सगळे दहावीतलेच, आणि शेवटच्या परीक्षेला सर्वांत जास्त वजन. हे आमच्यापेक्षा शहाणपणाचं. शाळेत आठ जणांची समिती, त्यात दोन शिक्षक शेजारच्या शाळांतले. शिवाय लगाम: मागच्या तीन वर्षांपैकी शाळेचं सर्वांत चांगलं वर्ष धरायचं, विषयाची सरासरी त्याच्या पाच मार्क आतबाहेर हवी आणि शाळेची एकूण सरासरी त्या वर्षापेक्षा दोन मार्कांहून वर जाता कामा नये.

हे वाचून आधी मला वाटलं, वा. मग आमच्या शाळेला लावून पाहिलं आणि पोटात गोळा आला. आमच्याकडे येणारी मुलं भाजीवाल्याची, रिक्षावाल्याची, वर्कशॉपमधल्या कामगाराची. शाळेची सरासरी कधी नाव घेण्यासारखी नव्हती. त्या वर्षी एखादा वर्ग खरोखर चांगला निघाला असता, तर त्याला त्याच्या आधीच्या मुलांच्या मार्कांच्या दावणीला बांधलं गेलं असतं. उदार शाळेला आवर बसतो हे खरं, पण तो बसतो ते एका अनोळखी मुलाचे मार्क कापून, आणि त्या मुलाने काय लिहिलं होतं हे कुणी उघडूनही पाहत नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या ऑगस्टमध्ये याच विचाराची मोठी आवृत्ती झाली. शाळेच्या जुन्या निकालांवरून संगणकाने श्रेणी बसवल्या, ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीच्या, सुमारे चाळीस टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आल्या, पोरं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारला शिक्षकांच्याच श्रेणी मान्य कराव्या लागल्या. त्यात छोट्या वर्गांना सूत्र लागत नव्हतं, तिथे शिक्षकांचा शब्द चालला. आणि छोटे वर्ग जास्त असतात ते महागड्या खासगी शाळांत.

मग करायला काय हवं होतं? मला विचाराल तर दोनच गोष्टी. नववी अजिबात धरायची नाही. ते मार्क देताना कुणालाच, ना मुलाला ना शिक्षकाला, ते मोजले जाणार हे माहीत नव्हतं. आणि दहावीच्या प्रथम परीक्षेच्या उत्तरपत्रिका शाळांनी आपापसांत बदलून तपासायच्या. शाळा विकास संकुल नावाची शेजारशेजारच्या शाळांची व्यवस्था गुजरातमध्ये आहेच. गठ्ठे रिक्षात घालून या शाळेतून त्या शाळेत न्यायचे, एवढंच. त्या मे-जूनमध्ये ते जमलं असतं का, याची खात्री देत नाही. शिक्षकांतलेही कितीक आजारी होते, काही गेले. पण नववीची जुनी पत्रकं शोधून काढण्यापेक्षा ते अवघड नव्हतं.

आमच्याच गल्लीतल्या एका मुलाची गोष्ट यात येते आणि ती मला जास्त टोचते. तो २०२० मध्ये गणितात नापास झाला होता. मास प्रमोशन फक्त नियमित मुलांना होतं. रिपीटरांची परीक्षा १५ जुलै २०२१ पासून झाली, मास्क लावून, वर्गात बसून. वर्षभर त्याला शाळा नव्हती, ऑनलाइन वर्गात रिपीटरला घ्यायचं कुणाला सुचलंही नव्हतं. त्या परीक्षेचा राज्याचा निकाल जेमतेम दहा टक्के लागला. तो नव्वदांत राहिला. त्याच्याहून गणितात कच्ची असलेली, माझ्याच वर्गातली दोन मुलं त्याच्या परीक्षेच्या पंधरा दिवस आधीच पास होऊन बसली होती. न्याय-अन्यायाची चर्चा ए-१ वाल्यांभोवती फिरते, कारण त्यांच्या आयांना बोलता येतं. याची आई लोकांकडे भांडी घासते, ती माझ्या दारात आली नाही.

पुढचं थोडक्यात. डिप्लोमाची यादी दहावीच्या मार्कांवर लागते. मावसभावाला हवी ती शाखा मिळाली. मुलीला कॉम्प्युटर हवं होतं, ते मिळालं नाही. दुसरी शाखा तिने घेतली नाही आणि अकरावी सायन्सला आमच्याच शाळेत राहिली. २०२३ मध्ये बारावीची परीक्षा नेहमीसारखी झाली आणि ती चांगली झाली. म्हणजे तिचं काही बिघडलं नाही, असं आमचे काही नातेवाईक म्हणतात. दोन वर्षं आणि एक शाखा इकडची तिकडे झाली, त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. भावाबहिणीचं मात्र छान चाललं आहे. तो तिला ‘बी-वन’ म्हणतो, ती त्याला ‘आयएमपी’.

दिवाळीनंतर तिची आई फराळाचं ताट घेऊन खाली आली आणि या वेळी आत बसली. त्या विषयावर दोघीही बोललो नाही.

त्याच दिवाळीच्या आधी नववीचे पेपर घेऊन मी त्या टेबलाशी बसले होते. एका मुलाने एकरूपतेचा प्रश्न सोडवला होता. तीन ओळी बरोबर, कसोटीचं नाव नाही. सवयीने समासात ‘कारण?’ लिहिलं. दीड लिहिला. मग पेन तसंच धरून बसले, गॅसवरची कुकरची शिट्टी झाली तरी उठले नाही. दीड खोडून दोन केले. दुसऱ्या दिवशी वर्गात वाटायच्या आधी तो पेपर पुन्हा काढला आणि दोन खोडून दीड केला. त्या जागी आता दोन खोडाखोडी आहेत आणि मुलाने विचारलंच, “बेन, हे नक्की किती?”